कानात सांगितलेली ओळ

चौथा स्क्रू निघता निघेना. त्याची खाच आधीच कोणीतरी झिजवून ठेवली होती. तिनं त्यावर रबराचा पातळ तुकडा ठेवला, पेचकस दाबून धरला आणि श्वास रोखून फिरवला. स्क्रू अर्धा फेरा हलला.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," शेजारच्या टेबलावरून फ्यूज म्हणाला. सोल्डरिंग करणारा हा पन्नाशीचा माणूस लवकर तापायचा, म्हणून अख्खं ऑफिस त्याला फ्यूजच म्हणे. "आणि हे बघ, मामांनी ते यंत्र दुपारपर्यंत पुसून ठेवायला सांगितलंय. आतल्या नोंदीबिंदी सगळं साफ. मी तुला अर्धा तास देतोय, तोही त्यांना न विचारता."

"मी फक्त बघणार आहे."

"फक्त बघते म्हणणाऱ्यांनीच आजवर सगळी यंत्रं मोडलीत."

झाकण निघालं. रुग्णाच्या उशाशी लावायचा मॉनिटर होता तो. हृदयाचे ठोके, श्वास, रक्तदाब, सगळं एका पडद्यावर. तीन आठवड्यांपूर्वी एका वॉर्डात तो आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. बंद पडून सुरू व्हायला चाळीस सेकंद लागतात. त्या चाळीस सेकंदांत खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाची नाडी खाली खाली जात होती आणि पडदा काळा होता. परिचारिका नेमकी त्याची उशी सारखी करत होती, तिला ओठ निळे दिसले, म्हणून माणूस वाचला. यंत्र परत आलं. कोसळण्याआधीची त्याची शेवटची नोंद टच-पॅनेलच्या प्रोग्रामकडे बोट दाखवत होती. तो प्रोग्राम तिचा होता. तिचं पहिलं स्वतंत्र काम.

आज चार वाजता मॅडमच्या खोलीत तिला एका निवेदनावर सही करायची होती. कंपनी मॅडमची, शेवटचा शब्द त्यांचा. निवेदनात दोनच वाक्यं होती: चूक टच-पॅनेलच्या प्रोग्राममध्ये आहे; तो प्रोग्राम मी लिहिला आहे. सही झाली की ते सगळ्या रुग्णालयांच्या फायलींत जाणार होतं, आणि रुग्णाजवळच्या यंत्राला तिला पुन्हा कोणी हात लावू देणार नव्हतं.

"सही करून टाक," मामा म्हणाला होता. "मी आहे ना. सहा महिने दुसऱ्या कामावर बसवतो, तोवर लोक विसरतात."

मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ, इथला विभागप्रमुख; तिचं ऐकून फ्यूजही त्याला मामाच म्हणे. दोन वर्षांपूर्वी त्यानंच तिला इथे आणलं होतं. तिनं तो प्रोग्राम अकरा वेळा वाचला होता आणि तिला त्यात काही सापडलं नव्हतं. तरी तिनं स्वतःच्या वाचण्यापेक्षा मामाच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवला. फक्त ती चूक एकदा डोळ्यांनी पाहायची होती. दाढ काढल्यावर माणूस ती हातात घेऊन बघतो, तसं.

तिनं बोर्डाला केबल जोडली, दुसरं टोक आपल्या लॅपटॉपला लावलं. स्पेसबारवर अंगठा दाबून धरला आणि मग यंत्राचं बटण दाबलं.

यंत्राला वीज मिळाली की सगळ्यात आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो, बूटलोडर. तो मुख्य प्रणालीला उठवतो आणि उठवताना तिच्या कानात एक ओळ सांगतो: पडदा अमुक आहे, मेमरी तमुक आहे, काही बिनसलं तर इतक्या सेकंदांनी पुन्हा सुरू हो. त्या ओळीतला एकेक शब्द म्हणजे एकेक पर्याय, आणि तो माणसानं ठरवलेला असतो. मुख्य प्रणाली ती ओळ पडताळून पाहत नाही. झोपेतून उठवणाऱ्यावर आपण ठेवतो तसा तिचा त्या ओळीवर विश्वास असतो. विकलेल्या यंत्रात बूटलोडर एक सेकंदही थांबत नाही, एक अक्षरही बोलत नाही. पण वीज येण्याआधीपासून स्पेसबार दाबलेला असला तर अडतो. ही युक्ती तिला मामानंच शिकवली होती, पहिल्या आठवड्यात, तिचा अंगठा हातात धरून.

बूटलोडर अडला. काळ्या खिडकीत चौकोनी ठिपका लुकलुकू लागला. ती ओळ दाखव, असं तिनं त्याला सांगितलं.

ओळ आली. तिनं ती बोट ठेवून वाचली. पडदा बरोबर. पुन्हा सुरू व्हायची वेळ बरोबर. मेमरी: एक हजार चोवीस. त्यावरून तिचं बोट पुढे गेलं आणि मागे आलं.

मेमरी किती ते ओळीत सांगायची गरजच नव्हती. ती बूटलोडरला स्वतःला मोजता येते. कोणीतरी मुद्दाम सांगितली होती.

तिनं बूटलोडरला विचारलं, तू मोजलीस ती किती? उत्तर आलं: पाचशे बारा.

"काका, तुमचं भिंग देता?"

फ्यूजनं भिंग दिलं आणि स्वतःही वाकला. बोर्डावर मेमरीच्या चिपांसाठी चार जागा होत्या. दोन चिपा बसवलेल्या होत्या. उरलेल्या दोन जागांचे टाके कोरे चकचकीत होते, त्यांना कधी सोल्डर लागलंच नव्हतं.

"गाळे चार, भाडेकरू दोन," फ्यूज म्हणाला. "चिपांची टंचाई होती तेव्हा हे असले बोर्ड आले होते. मी म्हटलंही होतं, हे चालणार नाहीत. मामा म्हणाले, बघतो."

मेमरीच्या वरच्या अर्ध्या भागातल्या एका पत्त्यावर तिनं एक आकडा लिहिला: सातशे सत्याहत्तर. त्या पत्त्यावर प्रत्यक्षात काहीच नव्हतं. मग बरोबर अर्ध्या अंतरावरचा खालचा पत्ता उघडून पाहिला. तिथे सातशे सत्याहत्तर बसलेलं होतं. तिनं आकडा बदलला. खालचा बदलला. तिसऱ्यांदा तिनं तो हळूहळू, एकेक कळ दाबत लिहिला, जणू सावकाश लिहिल्यानं काही वेगळं होणार होतं.

दुमजली इमारतीला चार मजले आहेत असं पोस्टमनला सांगावं आणि त्यानं चौथ्या मजल्याची पत्रं दुसऱ्या मजल्यावरच्या पेट्यांत कोंबावीत, तसं चाललं होतं. यंत्र नवं सुरू केलं की वरचे मजले लागतच नाहीत, सगळं ठीक दिसतं. आठदहा दिवस सलग चाललं की मेमरी भरत जाते, पत्रं चुकीच्या पेट्यांत पडू लागतात, आणि ज्याच्या पेटीत पडतात तो कोसळतो. त्या दिवशी तिचा प्रोग्राम कोसळला. उद्या दुसरा कोणताही कोसळला असता. असली दोनशे चाळीस यंत्रं वॉर्डांत लागलेली होती.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला लाजही वाटली. मामाला सांगायला ती अर्धी उठलीसुद्धा. मग तिला आठवलं की ओळीच्या खाली आणखी एक नोंद असते. ओळ बदलली की बदलणाऱ्याचं नाव आणि तारीख आपोआप लिहिली जाते. ज्याचा हात त्याचं नाव, हा नियम मामानंच घातला होता, ती सोयही त्यानंच लिहिली होती.

ती पुन्हा बसली आणि नोंद उघडली.

नाव तिचं होतं. तारीख गेल्या वर्षीची, आईचं ऑपरेशन झालं त्या दिवसाची.

"काय झालं गं?" फ्यूज म्हणाला. "शॉक बसला काय?"

त्या दिवशी ती सकाळी सहापासून रुग्णालयाच्या बाकावर होती. "जा तू ताईजवळ, इथलं मी बघतो," असं मामाच म्हणाला होता. आणि आदल्या संध्याकाळी त्यानं तिच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मागून घेतला होता. अडलं तर असू दे, म्हणून. तिनं तो चिठ्ठीवर लिहून दिला होता, वर स्वच्छ अक्षरांत नोंद केली होती की तिसरं अक्षर मोठं आहे.

मामा साडेबाराला आला. टेबलावर उघडं पडलेलं यंत्र पाहून तो दारातच थबकला. मग फ्यूजला म्हणाला, "जरा चहा घेऊन ये बाहेरून. तीन."

"जेवायच्या वेळी चहा?" फ्यूज म्हणाला. पण दोघांच्या तोंडाकडे बघून तो निमूट उठला.

मामानं स्टूल ओढलं. लॅपटॉपच्या पडद्यावर काय आहे ते त्याला वाचावं लागलं नाही.

"सगळी यंत्रं दुसऱ्या दिवशी जायची होती," तो म्हणाला. "आपला प्रोग्राम एक हजार चोवीस दिसल्याशिवाय सुरूच होत नव्हता. म्हटलं, आता ओळीत सांगून टाकू, पुढच्या महिन्यात चांगले बोर्ड आले की बदलून घेऊ."

"मग?"

"मग राहिलं."

"माझ्या नावावर का, मामा?"

"नाव मुद्दाम नाही घातलं गं. आईशप्पथ. माझ्या कॉम्प्युटरवर दुसरं काम चाललं होतं, तुझा मोकळा होता. तेव्हा मनात काहीसुद्धा नव्हतं."

"आणि तीन आठवड्यांपूर्वी? यंत्र परत आलं तेव्हा?"

मामानं टेबलावरचा स्क्रू उचलला आणि त्याची झिजलेली खाच अंगठ्यानं चाचपली.

"तेव्हा नाव आधीच तिथं होतं," तो म्हणाला. "मला वेगळं काही करावंच लागलं नाही."

तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं. ते यंत्र आधी कोणी उघडलं होतं, हे तिला विचारावं लागलं नाही.

"तू मला अकरा वेळा माझा प्रोग्राम वाचायला लावलास. रात्री फोन करून विचारायचास, सापडलं का काही."

"तुला सापडलं असतं तर..." एवढं म्हणून तो थांबला. खिडकीतून खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचं टीं-टीं संपल्यावर त्यानं स्क्रू परत टेबलावर ठेवला. "माझी सतरा वर्षं झालीत इथे. तू हुशार आहेस, लहान आहेस. ताईशी एकदा बोल."

तो गेला. चहा आला तेव्हा तीन कपांतला एकच उचलला गेला, तो फ्यूजचा. दुपारपर्यंत पुसायचं यंत्र त्यानं आपल्या टेबलाखाली सरकवलं आणि वर स्वतःचा डबा ठेवला. "मी तापट असेन," तो कोणाकडेही न बघता म्हणाला, "पण आंधळा नाही."

दीड वाजता आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"नाही अजून."

"वेळेवर खात जा गं. चार वाजता आहे ना तुझं? उपाशी पोटी जाऊ नकोस."

ती जिन्यात उभी होती. कठड्यावर तिचा हात होता. चार वाजताचं तिनं आईला सांगितलं नव्हतं. आईला काळजी लागेल म्हणून तिनं तीन आठवडे घरी यातला चकार शब्द काढला नव्हता. रोज जेवताना ऑफिसातले विनोद मात्र सांगितले होते, काही तर रचून.

"आई, मामा बोलला का तुझ्याशी?"

"अगं, तो तरी कोणाशी बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. तुला दहा नोकऱ्या मिळतील. त्याला या वयात कोण उभं करणार? तुझ्या शिक्षणाच्या वेळी तो कसा..."

"आई, तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मी कुठे होते?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज फोनपासून जरा लांब होता.

"माझ्याजवळ," आई म्हणाली. आणि मग, "तू आधी जेवून घे बघू."

चार वाजता मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मामा बसला होता. निवेदन टेबलावर होतं, त्यावर पेन आडवं ठेवलेलं. बूटलोडरची ती ओळ आणि तिच्याखालची नोंद छापून आणलेला कागद तिनं निवेदनावर ठेवला आणि उभीच राहिली.

मॅडमनी कागद वाचला. "यातलं मला काय कळणार? सरळ सांग."

"मॉनिटरला त्याच्याजवळ आहे त्याच्या दुप्पट मेमरी सांगितली आहे. आठदहा दिवस न थांबता चालला की तो कोसळतो. कोणताही. दोनशे चाळीसपैकी कोणताही, कधीही. माझा प्रोग्राम बदलून ते थांबणार नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि हे खाली नाव तर तुझंच आहे."

"नाव माझं आहे. त्या दिवशी मी रजेवर होते."

मामाकडे तिनं पाहिलं नाही. मॅडमनी पाहिलं. मग मामानं खाकरून घसा साफ केला.

"रजा मीच मंजूर केली होती," तो म्हणाला.

मॅडमनी आणखी काही विचारलं नाही. पेन उचलून त्यांनी खणात टाकलं, खण बंद केला आणि म्हणाल्या, "बाकीचं उद्या. आधी ही दोनशे चाळीस यंत्रं जिथे लागलीत त्या वॉर्डांना कळवा. आत्ता. सहाला त्यांची पाळी बदलते."

यादी सहा पानांची होती. ती चाचणीच्या खोलीत फोन घेऊन बसली. फ्यूजनं न सांगता तिसरं आणि चौथं पान उचललं आणि खणखणीत आवाजात सुरुवातही केली. मामा दारात आला. आत यावं की नाही, असा उभा राहिला. त्याचे डोळे लाल दिसत होते.

"ताईचे पाच फोन येऊन गेले," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला काय सांगू?"

तिनं पहिला नंबर फिरवला होता. पलीकडे घंटा वाजत होती. तिनं उरलेल्या पानांतली शेवटची दोन वेगळी केली आणि हात लांब करून त्याच्यापुढे धरली.

"सर, पाचवं आणि सहावं तुम्ही घ्या," ती म्हणाली. "अतिदक्षतावाल्यांना आधी करा."

फोन उचलला गेला. तिनं पान सरळ केलं आणि पलीकडच्या परिचारिकेला विचारलं, की खाटेजवळचा मॉनिटर किती दिवस न थांबता सुरू आहे, आणि मी फोनवर असेपर्यंत तुम्ही रुग्णाची नाडी हातानं मोजाल का.