हॉर्नचे सहा बोल्ट

मी गाडी आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण माझ्याकडे बघून पुष्कळांना शंका येते. अंगाला गेटला लावतात तो तांबडा प्रायमर, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात लोखंडाचंच एक फूल, आणि दारावर हातानं रंगवलेला अकरा आकडा. एकानं तर तोंडावर विचारलं होतं, "यातून कोंबड्या नेता का हो?" अहो, शर्यतीची गाडी आहे मी! हसून झालं असेल तर पुढे सांगते.

तशी मी चांगल्या घरातली. कारखान्यातून निघाले ती थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. बाई मला सकाळी दवाखान्यात न्यायच्या आणि संध्याकाळी घरी आणायच्या, बस्स. अकरा वर्षांत चौथ्या गिअरशी माझी नुसती तोंडओळख झाली. मागच्या सीटवर कधी कुणी बसलंच, तर गाल धरूनच बसायचं. वेग म्हणजे काय, हे मला बाजूनं जाणाऱ्या गाड्या बघून कळलं. मग बाईंनी नवी गाडी घेतली, मी दोन हातांतून फिरले, एका खांबानं माझी मागची बाजू चेपली आणि मी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडले. तिथे एका कोंबडीनं माझ्या मागच्या सीटवर संसार थाटला. तेव्हा कोंबड्यांचा विषय माझ्यासमोर काढू नका.

तिथे एक दिवस एक नवरा-बायको आले. नवरा ग्रिलवाला, म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं बनवणारा. आडवातिडवा, लांब तंगड्यांचा गडी. बायको शाळेची बस चालवणारी, त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. त्यानं आल्या आल्या माझ्या टायरला लाथ मारली. पुरुषांना ही काय खोड आहे, देव जाणे. तिनं मात्र दार उघडलं, सीट कर्रकन ओढून पार पुढे घेतली, बसली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"हीच," ती म्हणाली.

"अगं, इंजिन तरी बघू दे!"

"इंजिन तुम्ही बघा. मी गाडी बघितली."

कोंबडीला तिनंच अलगद उचलून खाली ठेवलं.

घरी नेताना दोघांचं बोलणं ऐकलं तेव्हा मला खरी गोष्ट कळली. जवळच्या घाटात वर्षातून एकदा रस्ता बंद करून शर्यत होते. एकेक गाडी एकटी वर जाते, आणि सामना घड्याळाशी. त्यात एक गट घरी बांधलेल्या, कमी खर्चाच्या गाड्यांचा. तो गट या वर्षानंतर बंद होणार होता. मोठ्या गटांत उतरायला यांचं सगळं घर विकलं असतं तरी पुरलं नसतं. म्हणजे संधी ही एकच.

या बाईनं अठरा वर्षं शाळेची बस चालवली होती. बसला चाळिसाच्या पुढे जाऊ न देणारं यंत्र, मागे चाळीस पोरांचा गलका, आणि शेजारी बसलेली मावशी दर वळणाला "हळू घ्या हं" म्हणणारी. "मला एकदाच कळू दे," ती नवऱ्याला म्हणाली, "मला गाडी येते, की मी नुसती बस ढकलते. मग नाही आली तरी चालेल. पण कळू दे."

तो म्हणाला, "मी बांधतो. तू चालव."

घराला रंग द्यायचे पैसे माझ्यावर लागले. त्यामुळे त्याची थोरली बहीण, म्हणजे आक्का, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि भिंतीकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघायची. "भिंतीला पोपडे, आणि हिला पिंजरा," असं तिचं रोजचं चालू. मी काय बोलणार? मुकाट्यानं उभी राहायचे.

माझा हा दुसरा जन्म वर्षभर चालला. इंजिन एका ठोकलेल्या गाडीचं, रेडिएटर एका मालवाहू रिक्षाचा, चाकं दोन जणांकडून दोन-दोन. पट्टे, हेल्मेट आणि ब्रेक मात्र नवे कोरे. तिथे बाईनं काटकसर करू दिली नाही. पिंजऱ्याला पाइप नियमाप्रमाणेच जाड घेतले. पण हा गडी पडला गेटवाला. चार पाइप एकत्र आले की त्याच्या हाताला राहवत नाही, तिथे फूल येतंच. आणि एकीकडे हे असलं नटवणं चाललेलं असताना दुसरीकडे माझं वजन कमी करायचं खूळ! दिसेल त्या पत्र्याला भोकं. दाराच्या आतून भोकं, ब्रॅकेटांना भोकं, क्लच, ब्रेक आणि रेसच्या पेडलांनासुद्धा भोकं. फूल काढलं असतं तर एवढी चाळण करावी लागली नसती. पण मला विचारतो कोण?

अजून एक खोड सांगते. हा माणूस बोल्ट लावत नाही. "बोल्ट सैल होतो, वेल्ड होत नाही," असं म्हणून सगळं कायमचं चिकटवून टाकतो. माझ्यावर बोल्टनं लावलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे हॉर्न. तो बाईनं स्वतः आणला होता, मोडीत निघालेल्या बसचा, दोन भोंग्यांचा. प्रत्येक भोंग्याला तीन बोल्ट, आणि ते तिनं स्वतः पान्यानं आवळले. "वर पोचले की वाजवीन," म्हणाली. वाजवून बघितला तेव्हा आक्का खुर्चीतून उडालीच.

बाईच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही मागच्या मोकळ्या मैदानात सराव करायचो. तेव्हा माझी जुनीच सीट होती, पुढे-मागे सरकणारी. बाई ती पार पुढे ओढून घ्यायची आणि मग काय विचारता! चौथ्या गिअरची आणि माझी शेवटी ओळख झाली, आणि चांगलीच जमली.

घोळ झाला तो शेवटच्या आठवड्यात. त्याला शर्यतीची एक वापरलेली सीट स्वस्तात मिळाली. बाई तेव्हा शाळेची सहल घेऊन चार दिवस बाहेरगावी. जायच्या आधी तिनं भिंतीवर खडूनं आपल्या पायाचं माप लिहून ठेवलं होतं, एवढं मोठं, आंधळ्याला दिसेलसं. पण त्याला तिला चकित करायचं होतं ना! आणि गेटवाल्याला भिंतीकडे बघायची सवय नसते. "माप डोळ्यात आहे," असं स्वतःशीच म्हणत त्यानं जुनी सीट काढली, ती जिच्यावर सरकायची ती रेल खिळ्याला टांगली, नव्या सीटवर आपणच ऐसपैस बसला, पाय पेडलांना लावून बघितले, खूण केली आणि दिलं वेल्डिंग मारून.

त्यानंतरचं खरं तर सांगायला नको, पण माझ्या पोटात राहत नाही. काम संपल्यावर त्यानं शेडचं दार लोटून घेतलं, पुन्हा आत बसला, स्टिअरिंग धरलं, आणि बावन्न वर्षांचा हा बाप्या तोंडानं इंजिनाचा आवाज काढायला लागला! गिअरसुद्धा तोंडानंच बदलले. मला हसू येत होतं, आणि थोडी धास्तीही वाटत होती.

शर्यतीच्या सकाळी मला टेम्पोतून घाटाच्या पायथ्याशी नेलं. बाई आदल्या रात्रीच सहलीवरून परतली होती. तपासनीस आला, पिंजरा ठोकून बघितला, फुलापाशी थांबला.

"हे काय?"

"फूल."

"कशाला?"

"पाइपाचं टोक मोकळं बरं दिसत नाही, साहेब."

तपासनीसानं काहीतरी लिहिलं. सीट गदागदा हलवून म्हणाला, "ही काही निघत नाही." ग्रिलवाल्याची छाती फुगली. मग बाई हेल्मेट घालून आत बसली. हात पोचले, कारण त्याच्या नुसत्या तंगड्याच लांब, हात चारचौघांसारखे. पाय मात्र पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि क्लचच्या अलीकडे वीतभर हवेतच राहिले.

"अहो," ती म्हणाली.

तो वाकला. तिच्या पायांकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. त्याचा चेहरा असा काही पडला की मलाही बघवेना.

सीट कापून पुढे घ्यावी, तर तिथे पेट्रोलच्या गाड्या उभ्या; ठिणगी उडवायची सक्त मनाई. तपासनीस घड्याळ बघत म्हणाला, "ड्रायव्हर बदलायचा असेल तर अर्धा तास आहे. अर्जावर दुसरं नाव तुमचंच आहे ना?"

"मग अडलंय कुठे?" आक्का लगेच म्हणाली. "तूच चालव की रे! भिंतीचा रंग तरी वाया नको जायला."

तो 'नाही' म्हणाला नाही. मी खोटं कशाला बोलू? त्याचे डोळे क्षणभर चमकले. मी सगळं बघत होते. असा राग आला मला, की रेडिएटरमधून चार थेंब त्याच्या बुटावर सोडले.

बाई उतरली आणि टेम्पोकडे गेली. तो मागून म्हणाला, "अगं, रागावू नकोस, ऐक तरी." ती परत आली ती सहलीवरून तशीच आणलेली कापडी पिशवी हातात घेऊन. पिशवीतून तिनं लाकडाचे तीन ठोकळे काढले, वापरून वापरून गुळगुळीत झालेले.

"हे काय?"

"माझे पाय," ती म्हणाली. "बसची सीट पुढे सरकत नाही. रोज पेडलांना बांधते. दुपारच्या पाळीचा ड्रायव्हर उंच आहे, म्हणून रोज सोडून आणते."

"कधीपासून?"

"अठरा वर्षं झाली."

"मला कधी बोलली नाहीस."

"पिशवी रोज तुमच्याच ड्रिल मशीनवर ठेवते. तुम्ही रोज उचलून बाजूला ठेवता."

ग्रिलवाला तिथेच माझ्या दाराला टेकला. मग त्यानं तपासनीसाच्या हातातून अर्ज घेतला आणि त्यावरचं आपलं नाव खोडलं, दोनदा रेघ मारून.

"बांधलेले ठोकळे चालणार नाहीत," तपासनीस म्हणाला. "बोल्टनं कसलेले हवेत."

आता बोल्ट आणायचे कुठून? जन्मात ज्यानं बोल्ट वापरला नाही, त्याच्याकडे तो असणार कसा? तो खिसे चाचपत राहिला. बाईनं माझ्या बॉनेटकडे बोट दाखवलं. "हॉर्नचे काढा. सहा आहेत."

"अगं पण हॉर्न तर तुला..."

"वर पोरं नाहीयेत. वाजवू कुणाला? काढा लवकर."

शेजारच्या नऊ नंबरवाल्याकडून ड्रिल आणि पाना मागून आणला. ठोकळ्यांना भोकं पडली, पेडलांना तर आधीच होती! माझ्या अंगावरच्या शेकडो भोकांपैकी ही सहा तेवढी कामाला आली. ग्रिलवाला उताणा पडून, डोकं माझ्यात आणि तंगड्या बाहेर, अशा अवस्थेत एकेक बोल्ट कसत होता. प्रत्येक बोल्ट कसला की हातानं हलवून बघायचा, आणि पुन्हा कसायचा. उठला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धूळ गेली म्हणाला.

मग आमची पाळी आली. सोडणाऱ्यानं हात खाली केला आणि बाईनं मला अशी काही सोडली की माझं फूलसुद्धा थरथरलं! चौदा वळणं होती. बाकीचे वळणात घुसायची घाई करत होते. बाईला लांबलचक बस वळवायची सवय. ती बाहेरून मोकळी यायची, नेमकी आत घ्यायची आणि सरळ रस्ता दिसला की ठोकळा तळापर्यंत दाबायची. नवव्या वळणावर माझी मागची बाजू घसरली. मी म्हटलं, संपलं! बाईनं मला सावरलं आणि हेल्मेटच्या आत खो खो हसली. अकरा वर्षं गालधऱ्या माणसांची ने-आण केली मी. गाडीत बसून कुणी असं हसतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा सवयीनं तिचा हात हॉर्नवर गेला. हॉर्न होता कुठे? मग ती तोंडानंच ओरडली, "पों... पों... पोंऽऽप!" निशाणवाला दचकून बाजूला झाला.

अकरा गाड्यांत आम्ही पाचव्या आलो. बक्षीस पहिल्या तिघांना. बाईला त्याचं काही नव्हतं. पट्टे न सोडताच ती मोठ्यानं म्हणाली, "येते! मला गाडी येते!" आणि ढसाढसा रडली. मीही गरम पाणी सोडून दिलं, कोण बघतंय?

सोमवारी सकाळी बसवर जायची वेळ झाली आणि बाईच्या लक्षात आलं, ठोकळे तर माझ्या पेडलांना कसलेले. ती पाना घ्यायला शेडमध्ये आली, तर ग्रिलवाला तिच्या आधीच उठून खिळ्यावरून माझ्या जुन्या सीटची रेल काढत होता. भिंतीवरचं खडूचं माप त्यानं कागदावर उतरवून घेतलं होतं. "त्यांना हात लावू नकोस," तो म्हणाला. "चल, बसची सीट बघतो." आणि खिशातून बोल्टची पुडी काढून दाखवली. बोल्टची, या माणसानं! तेव्हापासून त्या बसची सीट सरकते. उंच ड्रायव्हरसाठी मागे, बाईसाठी पुढे, आणि ती कर्रकन आवाज करते तो माझ्या रेलचा.

माझा गट बंद झाला. पुन्हा शर्यत नाही. घराला अजून रंग नाही. पण आक्का आता खुर्ची टाकते ती माझ्याकडे तोंड करून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "पाचवी आली होती" असं सांगते. माझ्यात शेजारी दुसरी सीट आली आहे. रविवारी बाई मला त्याच घाटात नेते, तो शेजारी बसतो आणि दर वळणाला "हळू घे हं" म्हणतो. चालवायची हौस त्याची गेलेली नाही, ती त्याच्या उजव्या पायाला बघून कळते. नुसते सहा बोल्ट सोडले की झालं, सीट तर त्याच्याच मापाची आहे. पण त्या बोल्टांना त्यानं आजवर पाना लावलेला नाही.

हॉर्नचे भोंगे खिळ्याला टांगलेले आहेत. दर रविवारी निघताना "येताना बोल्ट आणू" म्हणतात आणि दर रविवारी विसरतात. तेव्हा एवढंच सांगणं आहे. कधी घाटाच्या वळणावर एक बाई आणि एक बाप्या मिळून तोंडानं "पों पों" करताना ऐकू आले, तर हसा हवं तर, पण जरा कडेला व्हा. ती मी येत असते.