पेशा: नालबंद

“मानसाला दोर लावनार न्हाई मी,” मुजफ्फरनं पूजाला सांगितलं आणि हातातलं दोराचं वेटोळं भिंतीशी ठेवून दिलं.

कांद्याच्या त्या जुन्या गोदामात मधोमध लुसिया उभी होती. पोर्तुगालची नर्तकी, वय पस्तिशीचं, अंगानं काटक. आदल्या शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात तिनं मुजफ्फरला एक दांडगा खिलार बैल खाली घेताना पाहिलं होतं. ना चाबूक, ना आरडाओरडा. पायांना दोराचा फास, खांद्यावर हात, कानाशी काहीतरी पुटपुटणं. आणि म्हैस पाण्यात बसावी तसा बैल अलगद खाली आला. मग खुरांना लोखंडी पत्र्या ठोकून मुजफ्फरनं त्याला उठवलं. तेव्हापासून लुसियानं एकच धोशा लावला होता: मलाही असंच खाली उतरवा.

पूजा मूळची शेवगावची. नाचाच्या ओढीनं ती परदेशांतल्या कलाकेंद्रांत दोन-दोन महिने राहून आली होती. रेसिडेन्सी म्हणतात त्याला; कलावंतानं यायचं, राहायचं, आपलं काम करायचं. परतल्यावर तिनं वडिलांकडून हे गोदाम मागून घेतलं आणि आत लाकडी जमीन घातली. आता देशोदेशीचे नर्तक नि चित्रकार घोडेगावात येऊन राहत होते.

लुसिया दोन वर्षांपूर्वी रंगमंचावर पाठीवर आपटली होती. मणका बरा झाला, भीती तेवढी राहिली. जमिनीवर अंग झोकून देणं हे तिच्या नाचात रोजचंच. आणि तेच तिला जमेनासं झालं होतं. इथंही जमलं नाही तर नाच सोडायचा, असं ती ठरवूनच आली होती.

मुजफ्फर तीन पिढ्यांचा नालबंद. एकेकाळी एका बाजाराला त्याच्यापुढं बैलांची रांग लागायची. आता पाच-सहा आले तरी खूप. सुप्याच्या कारखान्यात लागलेला मुलगा हर्षद म्हणायचा की, अब्बा, आता बास करा. पूजानं विचारलं तेव्हा मुजफ्फरला पेच पडला तो मात्र वेगळाच. परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा? त्यानं घरी बायकोला, बिस्मिल्लाला विचारलं. ती म्हणाली, मी येऊन बसते. मग ती रोज सुपात तांदूळ घेऊन गोदामाच्या दाराशी निवडत बसू लागली.

पहिले चार दिवस मुजफ्फरनं लुसियाला हातही लावला नाही. नुसतं चालायला लावलं. पाचव्या दिवशी तो पूजाला म्हणाला, “भ्यालेला बैल आधी मान आखडतो, पाय मागनं. हिचीबी मान आखडती. डाव्या अंगाला वळताना बघा.”

पूजानं हे लुसियाला सांगितलं तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्या इलाज करणाऱ्यांना हे कळायला सहा महिने लागले होते.

त्यानंतर तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. ती ताठरली की मागं सरायचा, पुन्हा जवळ यायचा. घाबरू नका, असं एकदाही म्हणाला नाही. दिवस सरत चालले तशी पूजाच अस्वस्थ झाली. लुसियाच्या मुक्कामाचे दोनच आठवडे उरले होते. हळूच ढकलून बघायचं का, असं तिनं विचारलं.

“ढकलून पाडल्यालं जनावर उठतं,” मुजफ्फर म्हणाला, “पन पुन्यांदा आपल्यापाशी येत न्हाई.”

अकराव्या दिवशी बिस्मिल्लाला ते आधी दिसलं. तिचे सुपातले हात थांबले. लुसियाचा श्वास लांबला होता, मान सैल पडली होती. मुजफ्फरनं आधी स्वतःचे गुडघे वाकवले आणि तो तिच्याबरोबर खाली जाऊ लागला. गुडघे कडकडले, तरी थांबला नाही. लुसियाची कंबर टेकली, मग पाठ, मग खांदे. डोकं शेवटी, त्याच्या तळहातावर. तो हात त्यानं हळूच काढून घेतला.

ती पत्र्याच्या छपराकडे बघत पडून राहिली. डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं. मग ती उठली आणि आपली आपण पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. मुजफ्फर केव्हाच बाजूला सरला होता. बिस्मिल्लानं पुढं होऊन तिला पाणी दिलं आणि पदरानं तिचं तोंड पुसलं.

त्या दिवशी बैलाच्या कानाशी काय म्हणत होता, असं लुसियानं पूजाकरवी विचारलं. मुजफ्फर ओशाळला.

“काय न्हाई. मी हाय हितं, येवढंच.”

पुढच्या उन्हाळ्यात पोर्तुगालहून पत्र आलं. लुसियाच्या शहरातल्या केंद्रानं मुजफ्फरला सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं, पाहुणा कलावंत म्हणून. बारा नर्तकांना शिकवायला. हर्षदनं ते पत्र दोनदा वाचलं. मग पासपोर्टच्या कामाला रजा काढून तो स्वतः बापाला पुण्याला घेऊन गेला.

व्हिसाचा अर्ज भरताना ‘पेशा’च्या रकान्याशी पूजा थांबली. कलाकार लिहूया, ते बरं दिसेल, असं तिचं म्हणणं.

“त्यांनी इचारलंय, काय करता म्हनून. करतो तेच ल्ह्या की. नालबंद.”

पूजानं तेच लिहिलं.

पोर्तुगालात तो तसाच वागला, जसा गोदामात वागला होता. आधी बाराही जणांना चालायला लावलं आणि प्रत्येकाची आखडलेली जागा हातानं दाखवून दिली. शेवटच्या प्रयोगात लुसिया पुरुषभर उंचीच्या चौथऱ्यावरून पाठमोरी पडली, तेव्हा अख्ख्या थिएटरनं श्वास रोखला. खाली बारा जणांच्या हातांनी तिला पिसासारखं उतरवून घेतलं. लोक उभे राहिले. लुसियानं मुजफ्फरला ओढून पुढं आणलं. त्यानं कपाळाला हात लावून सलाम केला आणि तो मागं जाऊन इतरांच्या रांगेत उभा राहिला.

परतल्यावर पहिल्या शुक्रवारी तो बाजारात गेला. त्याच्या नेहमीच्या जागी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान लागलं होतं. त्यानं हुज्जत घातली नाही. पलीकडे पाण्याच्या टाकीच्या सावलीला पोतं अंथरलं आणि पत्र्या, खिळे, हातोडी मांडली. दुपारपर्यंत कोणी आलं नाही. मग गहिनीनाथ नावाचा जुना शेतकरी एक बैल घेऊन आला.

“लई दिस दिसला न्हाई, मुजफ्फरभाई. कुठं गेल्ता?”

“बाहेरगावी गेल्तो. काम हुतं जरा.”

बैल नवा होता, गर्दीला बुजलेला. गोदामात शिरताना काढायचा तशा मुजफ्फरनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तो त्याच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला.