काठापर्यंत, शीग नाही

मी वाटी बोलतेय. स्टीलची, पाच वाट्यांच्या संचातली सगळ्यात धाकटी. कुणी मला ‘इवलीशी’ किंवा ‘बाहुलीची’ म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यात काठापर्यंत बरोबर आठ मोठे चमचे मावतात. त्या आठ चमच्यांच्या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही, आणि आज बोलायला बसले आहे तीही त्यांच्यासाठीच.

एका कारखान्यात पत्र्याच्या चकतीवर यंत्राचा दट्ट्या आदळला आणि मला आकार आला. माझ्या चार थोरल्या बहिणीही तिथेच घडल्या. काठ बाहेर वळलेला, पोटावर दोन रेघा, बूड सपाट. सगळ्या सारख्या, फरक फक्त मापाचा. शेजारी शेजारी ठेवलं तर तो लगेच कळतो. एकेकीला सुटं पाहिलं तर भलेभले फसतात.

आम्ही पाचजणी एका नव्या संसारात आलो. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीवर टांगलेले अर्धवट शिवलेले कपडे. तो रंगारी. संध्याकाळी हातावरचा रंग घासत घरात शिरायचा आणि चपला काढायच्या आधी विचारायचा, “आज काय केलंय?” दोघंही खाण्याचे शौकीन. समोरासमोर ताटं घेऊन बसायचे, एकमेकांच्या ताटातलं पळवायचे, पोट धरून हसायचे. मला मात्र त्या पंगतीत जागा नव्हती. माझ्यात कधी औषधाच्या गोळ्या ठेवल्या, कधी सुटी बटणं. एकदा तर माझ्याखाली झुरळ झाकून ठेवलं होतं. चौदा वर्षं मी हे सोसलं.

तिचं वजन वाढत एकशे बत्तीस किलोवर गेलं. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, मशीनवर तास-दीड तास बसलं की पाय सुजायचे. लोकांनी बोलून बोलून तिला पुरेसं रडवलं होतं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. जठराचा बराचसा भाग काढून टाकला आणि आत केळ्याएवढी एक पिशवी ठेवली.

घरी आल्यावर सुरुवातीला नुसतं पातळ, मग दाटसर, मग मऊ. जेवण सुरू करायची वेळ आली तेव्हा दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, “घरातली एक वाटी ठरवून टाका. आठ मोठे चमचे पाणी मावेल अशी. त्यात काठापर्यंत वाढायचं, वर शीग नाही. डोळ्यांवर जाऊ नका, मनावर जाऊ नका. वाटीवर जा.”

तिने आम्हा पाचजणींत पाणी मोजून पाहिलं. थोरल्या चौघी नापास झाल्या. माझ्यात आठवा चमचा पडला आणि पाणी काठाला टेकून थांबलं. “हीच,” ती म्हणाली. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट पाहिलं होतं. मी फुगले नसते तरच नवल.

मग आमचा दिनक्रम बसला. स्वयंपाक तोच करायचा, कारण तिला वासही नकोसा व्हायचा. माझ्यात तो मऊ शिजवलेली डाळ घालायचा, कधी दही, कधी अंड्याचा चुरा. ती लहान चमच्याने एक घास घ्यायची, चमचा खाली ठेवायची, चावत राहायची. पंचवीस मिनिटं लागायची. पाणी त्यानंतर अर्ध्या तासाने, तेही घोटघोट. जेवणाबरोबर पाणी पिऊ नये याची सवय होताना तिचे फार हाल झाले. हात आपोआप पेल्याकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची.

ती दर पंधरवड्याला स्वतःचे कपडे उसवून आत घ्यायची. अंगठी बोटातून निसटायची म्हणून तिला दोरा गुंडाळला. केस मूठमूठ गळायला लागले. उकाड्यातही तिला थंडी वाजायची. दारातून आत येताना ती अजून तिरकी व्हायची, जागा असूनसुद्धा. आणि तिला भूकच लागत नव्हती. किती खाल्लं, किती पुरे, हे तिचं शरीर तिला सांगेनासं झालं होतं. ते सांगायचं काम माझं होतं.

आता लोकांबद्दल बोलते. तळपायाची आग मस्तकात जाईल असं ऐकलंय मी. हीच ती गिऱ्हाइकं, जी पूर्वी माप देता देता तिला “जरा कमी खा गं” म्हणून सांगायची. तीच आता माझ्यात डोकावून म्हणायची, “अगंबाई, एवढंसंच? अशाने मरशील!” एकीने ब्लाउजची बाही टाचून घेता घेता ऐकवलं, “तुझं बरंय. आम्ही रोज सकाळी उठून चालायला जातो. तू टेबलावर झोपलीस आणि बारीक होऊन उठलीस.” तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती गप्प राहिली. माझ्या तोंडात काही नव्हतं, पण वाटीचं कोण ऐकतं? टेबलावर झोपून काय होतं ते तिने सोसलंय. रोज पंचवीस मिनिटं एकेक घास मोजून खाऊन दाखवा, मग चालण्याच्या गोष्टी सांगा.

आणि ती दुसरी, शेजारची काकू. “चेहरा अगदी उतरला हो. पूर्वी कशी भरलेली दिसायचीस.” पूर्वी हीच काकू तिला बाकावर बसताना पाहून तोंडावर पदर धरायची. लोकांना तिचं शरीर म्हणजे चावडी वाटते. येता-जाता कुणीही बसावं आणि निकाल द्यावा.

हे सगळं ती गिळत होती. संध्याकाळी त्याला सांगून टाकायची आणि तो म्हणायचा, “जाऊ दे गं, त्यांना काय कळतंय.” मला वाटलं, आपल्या बाजूला एक माणूस आहे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी कापड बेतता बेतता तिला घेरी आली. कात्री खाली पडली, ती टेबलाला धरून बसली. दोन मिनिटांत सावरलीही. पण तो घाबरला. पांढराफटक पडला अगदी. त्याच संध्याकाळी जेवण वाढताना त्याने मला हातात घेतलं, क्षणभर पाहिलं आणि फडक्यात गुंडाळलं. मग माझ्या जागी माझ्यापेक्षा वरच्या मापाची बहीण घेतली. बारा चमच्यांची. तिच्यात काठापर्यंत डाळ भरली, वर शीग न ठेवता. नियम पाळल्यासारखा दिसावा म्हणून!

मला त्याने आपल्या कामाच्या पिशवीत टाकलं. ब्रश, पॉलिश कागद, पुट्टीची पत्री, आणि त्यात मी. दिवसा तो ज्या घरात काम करायचा तिथल्या भिंतींवरून काढलेले खिळे आणि स्क्रू माझ्यात टाकायचा. जिच्यात एका माणसाचं जगणं मोजलं जायचं, तिच्यात गंजके खिळे! माझ्या पोटावर आतून ओरखडे पडलेत ते तेव्हाचे.

कामावर त्याचा जोडीदार विचारायचा, “वहिनी कशा आहेत?” तो शिडीवरून खुशीत सांगायचा, “आता बरं जेवते.” मी खाली खिळ्यांसकट थरथरत होते.

संध्याकाळी पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे टांगली जायची. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. चमचा खाली ठेवल्याचा आवाज, मग दुसरा घास, मग बराच वेळ काहीच नाही. आठ चमच्यांच्या पुढे तिच्या छातीत दाटून यायला लागायचं. तरी ती खात राहायची, कारण वाटी संपलेली नव्हती आणि तिचा भरवसा वाटीवर होता. मग खुर्ची सरकायची आणि ती बेसिनपाशी धावायची. फेस, लाळ, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं.

“मीच घाईने खात असेन,” ती म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात म्हणायला लागली, “नीट चावत नसेन.” तिसऱ्या आठवड्यात मी ते ऐकलं, जे ऐकून माझ्यासारख्या पत्र्यालासुद्धा लाज वाटली. बेसिनपाशी उभी राहून ती म्हणाली, “ऑपरेशनने पोट लहान झालं, पण मी हावरटच राहिले. मला नाहीच जमणार हे.”

आणि तो तिथेच होता! तिच्या पाठीवरून त्याचा हात फिरल्याचं मला ऐकू येत होतं. “होईल गं हळूहळू,” एवढंच म्हणाला. मी पिशवीत होते, मला हात नाहीत, जीभ नाही. त्याला दोन्ही होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

तपासणीचा दिवस आला. रोजच्या उलट्या ऐकून आहारतज्ज्ञ बाईंनी तिला वाटी घेऊन बोलावलं होतं. ती दुपारी परतली ती तडक स्वयंपाकघरात. तो त्या दिवशी घरीच होता. तिने वाटी ओट्यावर ठेवल्याचा खणकन आवाज आला.

“बाईंनी पाणी मोजलं. बारा चमचे,” ती म्हणाली. “मला वाटलं त्यांची चूक झाली. मी स्वतः परत मोजलं. बारा. पाव इंच कमी-जास्त झालेलं मला दुरून दिसतं, आणि ही मला दिसली नाही. कारण वाढणारे तुम्ही होतात. धाकटी कुठाय?”

तो दारामागे आला, पिशवीत हात घातला, माझ्यातले खिळे बाहेर ओतले आणि मला ओट्यावर ठेवलं. तीन आठवड्यांनी मी तिला पाहिलं. डोळे आत गेले होते.

“तुला घेरी आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली,” तो म्हणाला. “डोळ्यांदेखत वाळत चाललीयस. मला वाटलं, उपाशी राहून मरेल ही. आणि खरं सांगू का? मला एकट्याला जेववत नाही. ताट घेऊन बसलो की घास फिरतो तोंडात.”

“घेरी पाणी कमी पडल्यामुळे आली होती. बाईंनी एका वाक्यात सांगितलं. तुम्ही मला विचारायचं, त्यांना विचारायचं.”

“चुकलं माझं.”

“वाटी बदललीत ते मी एक वेळ समजून घेईन. भीतीपोटी माणूस करतो काहीबाही. पण मी तिथे उभी राहून स्वतःला हावरट म्हणत होते आणि तुम्ही ऐकत होतात.” तिने मला उचलून हातात घेतलं. “चौदा वर्षं सगळ्या जगाने मला हावरट म्हटलं. तुम्ही एकदाही म्हटलं नाहीत. त्याच्या जोरावर मी तग धरला. आणि आता मी स्वतःच म्हणायला लागले, तर तुम्ही मला म्हणू दिलंत?”

तो खाली बसला आणि रडला. मला त्याची दया आली का? खोटं कशाला बोलू, थोडी आली. पण राग गेला नाही. मायेपोटी केलं म्हणून बारा चमच्यांचे आठ होत नाहीत.

तिने मला दोनदा घासलं आणि उकळत्या पाण्यात ठेवलं. उलट्या चार दिवसांत थांबल्या. आता वाढून तीच घेते. त्याने एकदा पळी पुढे केली, तिने नुसतं पाहिलं, त्याने ती खाली ठेवली. बारा चमच्यांची बहीण पुन्हा संचात जाऊन बसली आहे. तिचा दोष नाही, पण आमच्यात अजून बोलणं नाही. मी अंगावर ओरखडे घेऊन रोज तीनदा टेबलावर येते.

आता तुम्हाला सांगते, विनंती समजा किंवा दटावणी. तुमच्या घरात, कामाच्या जागी कुणी लहान वाटीत जेवत असेल, तर आत डोकावू नका. “एवढंसंच?” म्हणू नका, “अजून घे” म्हणू नका, गुपचूप काही घालू नका. काळजी वाटली तर त्या माणसालाच विचारा. त्याला तोंड आहे, आणि ते फक्त खाण्यासाठी नाही.

त्या दुपारनंतरचं पहिलं जेवण सांगते आणि थांबते. दोघं समोरासमोर बसले. त्याने आपलं ताट खाली मान घालून सात मिनिटांत संपवलं आणि रोजच्यासारखं ते उचलून निघाला.

“बसा,” ती म्हणाली. “मी जेवतेय अजून.”

तो बसला. हातावरचं खरकटं वाळलं तरी उठला नाही. माझ्यात अजून अर्ध्याहून जास्त डाळ होती.