गाण्यातली रिकामी जागा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेलो आहे. केयाकी या जपानी झाडाच्या एका बुंध्यातून कोरलेलं, माणसाच्या मांडीएवढं उंच, तिघांशिवाय जागचं न हलणारं असं मी जुनं उखळ. तोंड माझं घमेल्याएवढं, पण त्यातून एक शब्द बाहेर पडायची सोय नाही. असती, तर गेल्या डिसेंबरात देवळाच्या अंगणात मी एकेकाला चांगलं फैलावर घेतलं असतं.

मला कोरलं जिनपाची नावाच्या सुताराने. कोरण्याआधी त्याने तो ओंडका पाच वर्षं सावलीत वाळवला. बायको रोज विचारायची, "अहो, ही धोंड अंगणातून कधी हलणार?" तो म्हणायचा, "वाळू दे. घाई केली तर तडकेल." शहाणा माणूस! असली माणसं मला पुढे फार भेटली नाहीत.

माझं काम तसं साधं. वाफवलेला चिकट तांदूळ माझ्या पोटात ओततात. एक जण लांब दांड्याची लाकडी मोगरी डोक्यावरून आणून हाणतो. दुसरं माणूस दोन घावांच्या मध्ये ओला हात घालून गोळा उलटतं. घाव, हात, घाव, हात. गोळा गुळगुळीत झाला की त्याच्या वड्या. आणि या सगळ्याबरोबर गाणं. वसंतात मुलींच्या सणाला हिरव्या पाल्याच्या वड्या व्हायच्या, त्यांचं गाणं चटपटीत. नव्या घराचं आढं चढलं की वरून वड्या उधळायचे, ते गाणं दांडगट. वर्षअखेरीचं मात्र संथ, कारण त्या गोळ्यातून देवापुढे ठेवायच्या दोन गोल वड्या निघायच्या, एकीवर एक. लोकांना वाटतं, ही गाणी करमणुकीसाठी असतात. कपाळ माझं! अरे, गाणं असतं म्हणून उलटणाऱ्याची बोटं शाबूत राहतात.

माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त वर्षं आली ती इसाबुरो आणि फुमिनो ही नवरा-बायको. चव्वेचाळीस हिवाळे तो हाणायचा आणि गायचा, ती उलटायची. त्याचा आवाज असा की अंगणातली कोंबडी लांब पळायची. फुमिनो म्हणायची, "अहो, जरा सुरात गा. देव उठून जाईल."

"गेला तर वड्या आपल्यालाच," तो म्हणायचा.

पण एक गोष्ट तो कधी चुकला नाही. ओळ संपली की थांबायचा आणि तिच्या हाताकडे बघायचा. हात वर आला की मगच पुढची ओळ आणि मगच मोगरी. गोळा घट्ट असला तर जास्त थांबायचा, सैल असला तर कमी. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या नखालाही धक्का लागला नाही.

मग कौतुकाचे दिवस आले आणि तिथेच सगळं बिघडलं. तालुक्याच्या संस्कृती मंडळाचे मुरासेसाहेब आले. माझ्या काठावरून हात फिरवून "वा, काय ठेवा आहे!" म्हणाले, माझे फोटो काढले, इसाबुरोचं गाणं रेकॉर्ड करून घेऊन गेले. पुढच्याच शरदात इसाबुरो गेला. ते वर्ष दुखवट्यात गेलं, घरात नव्या वर्षाच्या वड्या झाल्या नाहीत. मला पडवीत लोटलं. आणि माझ्या पोटात काय ठेवलं असेल, मित्रांनो? छत्र्या! ओल्या छत्र्या! त्यानंतर मांजर व्यालं. ठेवा म्हणे!

दुखवटा फिटला. गेल्या डिसेंबरात मुरासेसाहेबांनी मला देवळाच्या अंगणात नेलं. त्यांना एकोणतीस तारीख सोयीची होती. त्या दिवशी आमच्याकडे कोणी मोगरी उचलत नाही, अशुभ मानतात. तेवढं तरी गावाने ऐकवलं आणि अठ्ठावीस ठरली. उलटायला फुमिनोच. पंचाहत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. दोन हात धड आहेत म्हणून चूल पेटते. मोगरी धरायला तिचा जावई तेत्सुओ, दणकट गडी, पण उभ्या जन्मात मला त्याने हात लावलेला नव्हता. आणि गाणं खांबावरच्या कर्ण्यातून.

कर्णा सुरू झाला. इसाबुरोचाच आवाज.

"पहिला घाव डोंगराला, दुसरा घाव पाण्याला..."

फुमिनोने एकदा खांबाकडे पाहिलं, हात पाण्यात बुडवला आणि वाकली. पहिल्याच ओळीला मला शंका आली. दुसरीला खात्री पटली. अरे, हा थांबत कसा नाही? ओळीला ओळ चिकटलीय! मी आतून ओरडतोय, बाई, हात काढ! पण उखळाचं ऐकतो कोण? तेत्सुओ बिचारा गाण्याबरोबर हाणत होता, त्याला तसंच सांगितलं होतं. चौथ्या घावाला तिचा हात गोळ्याखालीच होता आणि मोगरी निघालेली होती. तिने हात ओढला. तेत्सुओने कशीबशी मोगरी वळवली. ती खाडकन माझ्या काठावर बसली आणि माझा एक टवका उडून गोळ्यात पडला.

तेत्सुओने मोगरी खाली टाकली. कर्ण्यात मात्र पाचवा घाव, सहावा घाव चालूच.

मुरासेसाहेब धावत आले. "आजी, लागलं नाही ना? तुम्ही जरा भरभर हात चालवा. गाणं अगदी बरोबर आहे."

"आधी ते बंद करा," फुमिनो म्हणाली. कोणीतरी कर्णा बंद केला. "ह्यांच्या गाण्यातले थांबे कुठे गेले?"

"ते होय? स्टुडिओत काढून टाकले. मध्ये मध्ये रिकामं वाटत होतं. कधी लांब, कधी आखूड. लोकांना वाटलं असतं, आजोबा ओळी विसरतायत."

"रिकामं?" फुमिनोने ओला हात त्यांच्या नाकासमोर धरला. "साहेब, त्या रिकाम्या जागेत हा होता!"

मुरासेसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. माझ्यासारखं.

ती तेत्सुओकडे वळली. "तू गा."

"आई, मी? मला चार ओळीसुद्धा येत नाहीत. आवाज तर फाटकं बोंदरं."

"तुझ्या सासऱ्याचा काय रेशमी होता? येतील त्या म्हण. पण माझ्या हाताकडे बघून म्हण."

टवका काढला, नवा तांदूळ आणला. तेत्सुओ लाजत, घसा खाकरत सुरू झाला. "पहिला घाव डोंगराला." थांबला. तिचा हात गेला, वळला, वर आला. "दुसरा घाव पाण्याला." थांबला. तिसरी ओळ त्याला आठवेना, त्याने पुन्हा डोंगरच म्हटला. कोणी हसलं नाही.

गोळा गुळगुळीत होत आला होता आणि एका ओळीनंतर फुमिनोचा हात आत गेला तो वर आलाच नाही. त्या ऊन गोळ्यावर तळवा टेकवून ती तशीच वाकून राहिली. खांदे हलत होते. एरवी मी आतल्या आत ठणाणा केला असता, की बाई, गोळा गार होतोय, वडी फुटेल! त्या दिवशी मला काही म्हणवेना. तेत्सुओची मोगरी डोक्यावर होती, दंड थरथरत होते, हिवाळ्यात कपाळावर घाम होता. पुढची ओळ त्याच्या ओठावर होती. त्याने ती म्हटली नाही.

मित्रांनो, मला तेल लावू नका, काचेच्या कपाटात ठेवू नका. छत्र्या ठेवायच्या तर खुशाल ठेवा, तेही मी सोसेन. एवढंच करा, गाताना ज्याचा हात आत आहे त्याच्याकडे बघा.

बऱ्याच वेळाने तिने हात वर घेतला, बाहीने नाक पुसलं आणि म्हणाली, "हं, हाण आता."