आधी एकट्यानं

शनिवारी सकाळी अनिलकुमार मास्तरांनी ओतलेला चहा कपाच्या बाहेरच जास्त सांडला, आणि त्यांच्या मुलीनं, सुवार्तानं, काही न बोलता ओटा पुसून घेतला. जुळे सोलापुरातल्या त्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. जानेवारीपासून ती असंच पुसत आली होती.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर चर्चच्या मंडळीचे पंच होते. कुणी बायकोवर हात उचलला, भावाभावांत अबोला झाला, की यांची मोटारसायकल त्या दारात उभी. मंडळीला रीतही त्यांनीच लावून दिलेली. चूक जवळच्या ज्या माणसाला आधी दिसली, त्यानं एकट्यानं जाऊन सांगायचं. ऐकलं नाही तर मग दोघांतिघांनी जायचं. तोवर बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि सांगून झालं की त्याच घरी जेवायचं. "न जेवता उठलात, तर ती नुसती चहाडी," मास्तर म्हणत.

ते आंघोळीला गेले तशा शेजारच्या चांगुणाबाई आत आल्या. मंडळीतल्याच, वयानं मोठ्या.

"पोरी, रविवारी मास्तरांनी वाचन केलं, तवा पान भलतंच उघडलं हुतं. तोंडपाठ म्हणत हुते."

"पाहिलं मी."

"आन् परवा सात रस्त्याला रिक्षाला घासले."

"तेही माहीत आहे."

"मग सांग की. गाडी सोडा म्हणावं."

"तुम्हीच सांगा ना, मावशी. तुमचं ऐकतात."

"मी कशी सांगू? आदी तुला दिसलं. तू सांग, न्हाई ऐकलं तर मी आन् पाळकसायेब येतो. जेवायलाच येतो." बाई हसल्या, पण नजर न्हाणीघराच्या दाराकडे होती. "सगळी मंडळी तुझ्यासाठी थांबलीय. लई दिवस झाले."

गाडी गेली की पप्पा खुर्चीत बसणार, आणि बसले की संपणार, हे सुवार्ताला दिसत होतं. वाक्य मात्र तयार होतं. रोज ती ते मनात घासूनपुसून ठेवायची.

मास्तर डोकं पुसत बाहेर आले. "काय कुजबुज चाललीय?"

"तुमच्या चहाची निंदा, मास्तर."

"करा, करा. सुवार्ता, उद्या उपासना झाली की मोडनिंबला जाऊन येतो. सयाजीनं धाकट्या भावाशी बोलणं टाकलंय."

"एसटीनं जा ना, पप्पा."

"एसटीनं गेलं की माणूस पाहुणा होतो. मग कोण ऐकतंय?"

चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सुवार्तानं खाली पाहिलं.

"सावकाश जा," ती म्हणाली.

रविवारी दुपारी, लख्ख उन्हात, हायवेच्या कडेला एक ट्रक बंद पडून उभा होता. मास्तर सरळ त्याच्यावर आदळले आणि जागीच गेले. ब्रेक लावल्याची खूण रस्त्यावर नव्हती, असं पोलीस म्हणाले.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाचा रविवार आला. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणाला भावाबहिणीला काही सांगायचं राहिलंय का. कुणी मान वर केली नाही. चांगुणाबाई पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. पंखे तेवढे फिरत होते.

सुवार्ता उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही. मला जानेवारीपासून माहीत आहे. उद्या गाडी घेऊन जाऊ नका. मी नेते तुम्हाला."