शिवून ठेवलेली बाई

आमच्या पेठेतल्या वाचनालयात नवं पुस्तक आलं, की वाचकाच्या हाती पडण्याआधी ते बाइंडरकडे जायचं. जाड पुठ्ठा, आडवे टाके, वर काळं कापड. चौऱ्याहत्तर साली मी भांडून एक कादंबरी मागवली, तर तिचंही तेच झालं.

ती कादंबरी म्हणजे खोक्यात घातलेले सुटे भाग होते. भागांना आकडे नाहीत. पत्त्यांसारखे पिसायचे आणि हाती येतील तसे वाचायचे. नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या बाईची गोष्ट दर वेळी वेगळी होणार. मी शाळेत मराठी शिकवायचे. 'लेखकाला काय सांगायचे आहे' हे वर्षभर फळ्यावर लिहून जीव विटायचा. डोक्याला झटापट करायला लावणारं पुस्तक हीच काय ती माझी चैन. मे महिन्याची अख्खी सुट्टी मी त्या खोक्यासाठी राखून ठेवली होती.

आणि ग्रंथपाल सिद्रामप्पांनी माझ्यापुढे ठेवलं ते काळ्या कापडातलं, करकचून शिवलेलं पुस्तक.

"लई घोळ होता बाई," ते कौतुकानं म्हणाले. "कुटं सुरू, कुटं शेवट, काय पत्ता न्हाय. मी सोता बसून वाचलं, नीट लावलं, मग शिवून घेतलं. शेवटी बाई नवऱ्याकडं परत जाती बगा. गोड केलंय."

मला किळस आली. आधीच कुणीतरी चावलेला घास माझ्या ताटात वाढला होता. वर शाबासकीची अपेक्षा!

घरी येऊन ब्लेडनं टाके उसवले. भाग पिसले आणि जेवणखाण विसरून वाचत सुटले. माझ्या वाचनात बाई मध्येच कुठेतरी परत गेली आणि पुन्हा निघाली. परत पिसले, परत वाचलं. इतकी मजा आली की एकटीच मोठ्यानं हसले.

सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन वाचनालयात गेले, ती भांडायच्याच तयारीनं. सिद्रामप्पांनी उसवलेले टाके पाहिले. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"तुमच्या वाचण्यात ती बाई परत गेली का न्हाय?"

"गेली. आणि पुन्हा निघालीसुद्धा."

त्यांनी सुतळी सोडून वरचे दोन-तीन भाग चाळले. "व्हय? हे बी बरं वाटतंय की."

चला, माणूस सुधारला, असं मला वाटलं. तेवढ्यात त्यांनी पेन्सिल पुढे केली.

"मग तुमच्या क्रमानं आकडे टाका. तसंच शिवून घिऊ. आता पक्कं."