गात्राचा उसासा

वडाच्या वळणावर गाडी पुन्हा बंद पडली आणि बघता बघता तिथं जत्रा भरली. भाताच्या खाचरांतून बायका चिखलाच्या पायांनी धावत आल्या, कोंबड्यांची झुंज सोडून बाप्ये आले. मी शाळेत शिकवून घरी चाललो होतो, मीही थांबलो. खोटं कशाला बोलू, तमाशा बघायला मलाही आवडतं.

गाडी गात्राची. जुनीच मोटरसायकल, हँडलमागे टाकी असलेली. गात्रा पावसाळ्यात डेंगीच्या तापानं गेला. तिशीसुद्धा न गाठलेला, हसरा, धडधाकट मुलगा. तो गेल्यापासून त्याचा धाकटा भाऊ कादेक ती चालवायचा. घरून निघाली की झकास धावायची आणि वडापाशी आली की गचके देत बंद. रोज. आणि वडासमोरचं घर कुणाचं? गात्राच्या बायकोच्या, सुमेर्तीच्या माहेरचं.

"सरका! हवा येऊ द्या त्याला!" जेरो दार्मा पुढं झाला. हा आमच्या भागातला बालियान, म्हणजे मंत्र घालून रोग उतरवणारा; अशांना मानानं जेरो म्हणतात. कानावर चाफ्याचं फूल, अंगावर पांढरा सदरा, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. टाकीला कान लावून त्यानं डोळे मिटले. "आहे... आत आहे. गुदमरलाय बिचारा. अरे गात्रा, बोल रे बाळा, आई आलीय!"

त्यानं टाकीचं झाकण फिरवलं. आतून आवाज आला, हुऽऽस्स!

बायकांनी तोंडावर हात ठेवले. गर्दीतून मेन गात्रा पुढं धावली आणि तिनं टाकीला मिठीच मारली. मेन गात्रा म्हणजे गात्राची आई. पहिल्या मुलाच्या नावानं आईला हाक मारायची आमची रीत. मुलगा गेला तरी नाव काही सुटत नाही.

"उसासा टाकला त्यानं!" ती रडत म्हणाली. "ऐकलंत ना? माझा गात्राच तो."

"आणि इथंच का गुदमरतो?" जेरोनं बोट सुमेर्तीच्या दाराकडे रोखलं. "जिनं त्याला खाल्लं तिच्या दारातनं तो पुढं जाईल कसा? मी नाव घेत नाही. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. तुम्हीच समजा!"

झाकण लावलं, कादेकनं किक मारली, गाडी फुर्रकन सुरू. टाळ्याच पडायच्या राहिल्या होत्या.

दारात सुमेर्ती उभी होती. तिला लेयाक ठरवलं होतं, रात्री रूप पालटून माणसं खाणारी चेटकीण. सासरहून हाकललं आणि तिची चार वर्षांची पुतू आजीकडे ठेवून घेतली. आता गावसभेत कायमचा निकाल व्हायचा होता. पोर आजीची, आईनं पुन्हा गावात पाऊल टाकायचं नाही. सुमेर्ती रडत नव्हती. नुसती गाडीकडे बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

माझं डोकं तापलं होतं, पण तापलेल्या डोक्यानं काही सुचत नाही. सुचलं ते कादेकमुळं. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला, चेहरा उतरलेला. "गुरुजी, आज मी उलटीकडनं गेलो. खालच्या रस्त्यानं. तिथंही बंद पडली."

"कुठं?"

"डुकरांच्या गोठ्यासमोर."

"मग काय, डुकरीणही लेयाक?"

त्याला हसू आलं, पण लगेच ओशाळला. "जेरो म्हणतात, दादा तिला भिऊन तिकडं पळाला असेल."

या लोकांना उत्तराची कधी वाण पडत नाही! मी विचारलं, "सकाळी निघताना काय करता तुम्ही?"

"आई झाकण उघडून दादाला हाक मारते. जेरोंनी सांगितलंय, रोज न चुकता."

बस्स. रोज सकाळी झाकण उघडायचं, मग तेवढंच अंतर जायचं, मग बंद. वडाचा काही संबंध नाही आणि सुमेर्तीचा तर नाहीच नाही. जेरो व्हायच्या आधी हा दार्मा शहरात गाड्या दुरुस्त करायचा. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण दोन आणि दोन जोडायची तसदी कुणी घेतली नाही, मीसुद्धा नाही.

गावसभेच्या दिवशी मी एक शहाळं घेऊन गेलो. मंडपासमोर गाडी उभी होती, जेरोनं ती वळणापर्यंत नेऊन सगळ्यांना शेवटचा पुरावा दाखवायचा बेत केला होता. मेन गात्रा पुतूला मांडीवर घेऊन बसली होती.

"गुरुजी, पूजेला आणलंत का शहाळं?" जेरोनं खोचकपणे विचारलं.

"तुमच्याच पूजेला," मी म्हणालो. शहाळ्याला एकच बारीक भोक पाडलं आणि उलटं धरलं. दोन थेंब गळले आणि थांबलं.

"दुसरं भोक पाडा की!" एक म्हातारा ओरडला. "पोरगंही सांगेल."

"का पाडू?"

"अहो, वारा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर कसं येणार?"

मी दुसरं भोक पाडलं. पाण्याची धार लागली. "या टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल खाली इंजिनात उतरतं, तेवढी हवा वरनं आत जावी लागते. त्यासाठी झाकणाला एक भोक असतं. ते बुजलं की थोडं अंतर जाऊन पेट्रोल उतरायचं थांबतं, गाडी बंद. झाकण उघडलं की बाहेरची हवा झपकन आत शिरते. हुस्स होतं ते तेच. या, कुणीतरी बघा भोक."

"भोकाबिकाची थट्टा आत्म्याला सहन होत नाही हं!" जेरो ओरडला. पण लोक आता झाकणाकडे बघत होते.

बघायला मेन गात्राच उठली. झाकणाच्या मधोमध काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. अंबाड्यातली पिन काढून तिनं ते उकरलं. तळहातावर घेतलं. चंदनात भिजवलेल्या अक्षता, वाळून दगड झालेल्या.

ती बघतच राहिली. "हे मी लावलंय," ती म्हणाली. "तुम्पेक लांडेपला."

तुम्पेक लांडेप म्हणजे आमचा लोखंडाचा सण. त्या दिवशी कोयते, विळे, गाड्या, सगळ्यांची पूजा होते. लोक गाडीवर अक्षतांचे दोन दाणे टाकतात. हिनं मात्र पोराच्या कपाळावर लावाव्यात तशा चंदनातल्या मूठभर अक्षता झाकणावर दाबून लावल्या होत्या. त्याचं कपाळ आता उरलं नव्हतं ना.

जेरो केव्हा सटकला कुणाला कळलंच नाही.

"गुरुजी, मग तो आवाज?" तिनं विचारलं.

"हवा होती, मेन गात्रा."

"माझा गात्रा नव्हता?"

तीस वर्षं शाळेत बडबड करतोय मी, पण तेव्हा एकच शब्द सुचला. "नव्हता."

तिनं अक्षता मुठीत मिटल्या. कादेकला म्हणाली, "मला ने तिकडं." पुतूला मांडीवर घेऊन मागं बसली. मी माझ्या सायकलवर मागनं दामटत निघालो. वड आला. मेन गात्रा वाकून टाकीकडे कान लावून बसली होती. गाडी तशीच पुढं गेली. गचका नाही, काही नाही.

"थांब, कादेक! थांब रे!"

त्यानं ब्रेक लावला. म्हातारी उतरली आणि रस्त्यातच मटकन खाली बसून मोठ्यानं रडली. गात्राला गाडलं त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. सुमेर्ती दारातून धावत आली, सासूनं पोर तिच्या हातात दिली आणि तिच्याच खांद्यावर डोकं टेकलं. "घरी चल," एवढंच म्हणाली.

लोकहो, कुणी देवाचं नाव घेऊन बाईकडे बोट रोखलं, की आधी झाकण बघा. भोक शोधा. खरं कळलं की दुखतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण एका उसाशापायी जिवंत पोरीची आई जाणार होती, हे विसरू नका.

मेन गात्रा अजून सकाळी झाकण उघडते. सवय जात नाही. क्षणभर ऐकते, आत काहीच वाजत नाही. मग झाकण लावून पुतूची वेणी घालायला बसते.